तारेचीं दोन टोंकें : धरण, गिरणी आणि मराठी वाङ्मय

मराठी वाङ्मयांत मुंबईच्या गिरण्यांचा भोंगा पुष्कळ वेळां वाजला आहे. धरणाखालीं बुडालेल्या गांवांचा आक्रोशहि अलीकडच्या कांहीं दशकांत त्यांत ऐकूं येऊं लागला आहे. परंतु ज्या पाण्यानें गांव बुडालें त्याच पाण्यानें गिरणी चालली, या साध्या गोष्टीची दखल आमच्या कादंबरीनें, नाटकानें वा कवितेनें घेतल्याचें फारसें आढळत नाहीं. खोपोलीहून परळपर्यंत सुमारें ४३ मैल लांबीची विजेची तार १९१५ सालीं कार्यास लागली. तिच्या एका टोंकास सह्याद्रीच्या माथ्यावरील तळीं होतीं, दुसऱ्या टोंकास परळ-लालबागचीं यंत्रें. मराठी लेखक अशा दोन्ही टोंकांस जाऊन आले. तारेबरोबर चालत मात्र सहसा कोणी गेलें नाहीं. एखादा विषय राहून गेला म्हणून हळहळण्याचें येथें कारण नाहीं. विषय हजारों राहतात. पण हा दुवा तुटल्यामुळें दोन्ही टोंकांवरील आमचें लेखन न्याय करण्यास असमर्थ ठरलें आहे, असें आम्हांस वाटतें. व तें सकारण मांडावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. मुंबईच्या गिरण्या आरंभापासून वाफेवर चालल्या, आणि वाफेस कोळसा लागे. तो बंगालच्या खाणींतून वा परदेशाहून आणावा लागे; त्याची किंमत, त्याची टंचाई आणि त्याचा धूर हीं तिन्ही मुंबईच्या पांचवीस पुजलेलीं. सह्याद्रीवर कोसळणारें पावसाळ्याचें पाणी अडवून त्यापासून वीज काढावी, ही कल्पना डेव्हिड गॉस्लिंग नांवाच्या मुंबईंतील वास्तुशिल्पज्ञानें पुढें आणली. जमशेटजी टाटा यांनीं ती उचलून धरली; परंतु तिची सिद्धि पाहण्यापूर्वींच १९०४ सालीं ते निवर्तले. त्यांच्या मागें सर दोराबजी प्रभृतींनीं विलायती भांडवलावर विसंबून न राहतां देशी संस्थानिकांकडून व धनिकांकडून पैसा उभा केला, आणि ८ फेब्रुवारी १९११ रोजीं लोणावळ्यास गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्तें कामाची कोनशिला बसली. चार वर्षांनीं खोपोलीचें विद्युद्गृह सुरू झालें.

लोणावळें, वळवण व शिरवता येथील तळ्यांत सांठणारें पाणी मूळचें इंद्रायणीच्या खोऱ्यांतलें, म्हणजे भीमेवाटे कृष्णेस व तिच्याबरोबर पूर्वसमुद्रास मिळणारें. तें बांध घालून थोपविलें, लोखंडी नळांतून घांटाखालीं सुमारें १७०० फूट सोडलें, त्याच्या आघातानें चक्रें फिरविलीं, आणि मग तें कोंकणांतून पश्चिमसमुद्राकडे निघून गेलें. पूर्ववाहिनी नदीस पश्चिमवाहिनी करणें ही घटना कोणत्याहि काळच्या कवीस मोहांत पाडील अशी आहे. स्वर्गींची गंगा भूमीवर आणणाऱ्या भगीरथाची कथा आमच्या घराघरांत शतकानुशतकें सांगितली गेली. या दुसऱ्या भगीरथप्रयत्नाची कथा मात्र कंपनीच्या अहवालांत आणि सरकारच्या दप्तरांत पडून राहिली.

या प्रयत्नाचें मोठेपण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. ज्या देशांत कारखाना म्हणजे परक्यांचें यंत्र, परक्यांचा कोळसा आणि पुष्कळदां परक्यांचेंच भांडवल असें समीकरण होतें, तेथें देशी पैशानें, देशी पावसावर शक्ति निर्माण झाली. पुढें आंध्रा नदीच्या खोऱ्यांतील पाण्यावर भिवपुरीचें विद्युद्गृह १९२२ सालीं, आणि मुळशीच्या पाण्यावर भिरा येथील विद्युद्गृह १९२७ सालीं चालूं झालें. त्याच सुमारास, १९२५ सालीं, मुंबईंत विजेची पहिली आगगाडी धांवली. स्वदेशीच्या मंत्रावर वाढलेल्या सुशिक्षित वर्गास या सर्वांचा अभिमान वाटला तर त्यांत नवल नाहीं.

पण मुळशीचें नांव आलें कीं या अभिमानाच्या आड एक दुसरा अभिमान उभा राहतो. मुळा व नीला या नद्यांच्या संगमाशीं बांधलेल्या धरणानें मावळांतील सुमारें पन्नास गांवें आणि त्यांची पिढीजात भातखाचरें पाण्याखालीं जाणार होतीं. उठणाऱ्या माणसांची संख्या दहा हजारांच्या वर होती. जमिनी १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्यानें घेण्यांत येत होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह आरंभिला. महात्मा गांधींनीं आपल्या पत्रांतून टाटांस फेरविचाराची विनंती केली. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापति' ही पदवी याच लढ्यानें दिली. परंतु १९२४ च्या अखेरीस बापटांस दीर्घ कारावास होऊन लढा मावळला, आणि धरण पुरें झालें.

या लढ्याविषयीं मराठींत लेखन झालें नाहीं असें नाहीं. लढ्यांत स्वतः भाग घेतलेले विनायक महादेव भुसकुटे यांनीं 'मुळशी सत्याग्रह' हें पुस्तक लिहून प्रत्यक्षदर्शी साक्ष मागें ठेविली. प्रा. राजेंद्र व्होरा यांनीं त्याचा चिकित्सक इतिहास लिहिला. त्यांचा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर २००९ मध्यें प्रसिद्ध झाला, व त्याच्या नांवांतच या लढ्यास धरणाविरुद्धचा जगांतील पहिला लढा म्हटलें आहे. भुसकुट्यांच्या पुस्तकास सहभागाची ऊब आहे, व्होरांच्या ग्रंथास अंतराची स्वच्छता आहे. व्होरांचा विशेष हा कीं, त्यांनीं मावळ्यांस एकजीव समूह मानण्याचें नाकारलें. जमीन कसणारा मावळा निराळा, आणि त्या जमिनीवर हक्क वा कर्ज असलेला सावकार निराळा. सावकारानें आरंभीं लढ्यास हात दिला, कारण त्याचेंहि नुकसान होणार होतें. मोबदल्याचा आंकडा समाधानकारक होतांच त्याचें हित कसणाऱ्याच्या हिताहून वेगळें झालें, आणि लढा आंतून पोखरला गेला. इतिहासकारानें येथें कादंबरीकाराचें अर्धें काम करून ठेविलें आहे. उरलेलें अर्धें करावयास कोणी पुढें आलें नाहीं; आमच्या ललितवाङ्मयाच्या मुख्य प्रवाहांत मुळशीस स्थान मिळालें नाहीं तें नाहींच.

असें कां व्हावें? आमच्या मतें याचें कारण लेखकांच्या अज्ञानांत नाहीं, तर त्यांच्या भक्तींत आहे. मुळशीच्या प्रश्नांत आमच्या सुशिक्षितांचीं दोन दैवतें समोरासमोर आलीं होतीं. एक स्वदेशी उद्योग, दुसरा शिवरायांचा मावळा. परकीय सरकार आणि देशी प्रजा अशी लढत असती तर कादंबऱ्या आणि पोवाडे आपोआप झाले असते. परंतु येथें एक बाजू देशाच्या भवितव्याची ग्वाही देत होती आणि दुसरी देशाच्या भूतकाळाची. दोहोंपुढें हात जोडण्याची संवय झालेल्या लेखणीस निवाडा करण्याचा प्रसंग नकोसा झाला. संघर्ष दोन सत्पक्षांत असतो तेव्हां खरी शोकांतिका निर्माण होते, हें आम्ही वाङ्मयशास्त्राच्या पाठांत शिकलों आणि शिकविलें. प्रत्यक्ष तसा प्रसंग पुण्यापासून एका दिवसाच्या पायवाटेवर घडला, तेव्हां आम्ही तो वर्तमानपत्री वादास सोपवून मोकळे झालों.

आतां तारेच्या दुसऱ्या टोंकाकडे वळूं. गिरणगांवाचें मराठी वाङ्मय समृद्ध आहे, आणि त्याच्या समृद्धीचा आम्हांस रास्त अभिमान आहे. मामा वरेरकरांनीं 'धांवता धोटा' लिहून गिरणी-कामगारास कादंबरीच्या मध्यभागीं बसविलें, तेव्हां तें धाडसच होतें. त्यांच्या लेखनांत मालक व मजूर यांच्यामधील प्रश्न मुख्यतः अंतःकरणाचा आहे. माणसाचें मन वळलें कीं यंत्राची गति सुसह्य होईल अशी त्यांची श्रद्धा दिसते. अण्णा भाऊ साठे वाटेगांवाहून पायीं मुंबईस आले, गिरणींत राबले, आणि मुंबईच्या वैभवास व दारिद्र्यास त्यांनीं एकाच लावणींत उभें केलें. नारायण सुर्वे यांस तर गिरणी-कामगाराच्या घरानेंच वाढविलें. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) व 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांतून कामगार प्रथमच करुणेचा विषय न राहतां बोलणारा, विचारणारा, प्रसंगीं दटावणारा झाला. जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकांत यंत्र थांबलेलें आहे. १९८२ च्या संपानंतर एका कामगाराच्या खोलींत काय काय मोडलें याचा तो निर्दय आणि सहृदय हिशेब आहे.

या चौघांच्या लेखनांत वाफ आहे, घाम आहे, धूळ आहे, भोंगा आहे. वीज मात्र गृहीत धरलेली आहे. ती भिंतींतून येते. वास्तविक गिरणगांवाच्या इतिहासांत विजेस स्वतंत्र भूमिका आहे. धरणें होण्यापूर्वीं, गेल्या शतकाच्या आरंभास, गिरण्यांनीं आपापल्या यंत्रांवर विजेचे दिवे लाविले, तेव्हां कामगाराचा दिवस सूर्याच्या अंकुशांतून सुटला आणि मालकाच्या हातीं गेला. पूर्वीं अंधार पडला कीं धोटा थांबे; आतां चवदा-पंधरा तास काम घेतां येऊं लागलें. १९०५ सालीं याविरुद्ध कामगारांत असंतोष उसळला, आणि १९११ च्या कारखान्यांच्या कायद्यानें कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामास बारा तासांची मर्यादा घालावी लागली. आमच्या कवितेंत तिमिर म्हणजे अज्ञान आणि प्रकाश म्हणजे मुक्ति हें रूपक ज्ञानदेवांपासून चालत आलें आहे; त्या रूपकास प्रश्न विचारणारी ही एक घटना परळच्या रस्त्यावर घडून गेली, आणि तिच्याकडे कवींचें लक्ष गेलें नाहीं.

खोऱ्याच्या बाजूचें वाङ्मय त्या मानानें उशिरां आलें. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) ही त्यांतील ठळक कृति. तिला १९९२ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तो यथायोग्य होता. लेखकास शासनव्यवहाराची आंतून ओळख असल्यामुळें मोजणी, नोटीस, मोबदला, पुनर्वसन या रुक्ष शब्दांच्या मागें माणसाचें आयुष्य कसें झिजतें याचें चित्र तिच्यांत विलक्षण प्रत्ययकारी उतरलें आहे. पूर एकदांच येतो. कचेरी रोज असते, हें त्या कादंबरीचें शहाणपण आहे. परंतु अडविलेल्या पाण्याचें पुढें काय झालें, कोणाचें घर त्यानें उजळलें वा कोणाचें शेत पिकविलें, त्या माणसास या त्यागाची जाणीव आहे काय, हा प्रश्न तिच्या कक्षेच्या कडेसच राहतो. तिनें स्वतःपुढें ठेविलेलें कार्य निराळें होतें, म्हणून हा दोष आम्ही तिच्या माथीं मारीत नाहीं. दोष असलाच तर तो एकंदर परंपरेचा आहे.

कोणी म्हणेल, कादंबरी म्हणजे इंजिनियरचा नकाशा नव्हे. पाणी कोठून कोठें गेलें हें तिनें सांगावें असा आग्रह कां? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचें उत्तर एका परकीय कादंबरीनें दिलें आहे. वालेन्तीन रस्पूतिन या रशियन लेखकानें १९७६ सालीं सैबेरियांतील अंगारा नदीवरील एका बेटाची कथा लिहिली. खालच्या बाजूस जलविद्युतेसाठीं धरण होत आहे आणि मात्योरा नांवाचें तें बेट बुडणार आहे. तेथील दार्या ही वृद्धा आपलें घर जाळलें जाण्यापूर्वीं त्याच्या भिंती शुभ्र सारवून घेते, हा प्रसंग वाचकांच्या मनांतून जात नाहीं. पण कादंबरीची खरी शक्ति आणखी एका पात्रांत आहे. दार्याचा तरुण नातू आंद्रेइ त्याच धरणाच्या कामावर जावयास निघाला आहे. तो दुष्ट नाहीं, मूर्खहि नाहीं. त्याला नव्या युगाच्या कामांत आपला वांटा हवा आहे. आजी आणि नातू यांच्या संभाषणांत धरणाचीं दोन्ही टोंकें एका चुलीशीं येऊन बसतात. नकाशा न काढतां रस्पूतिननें तार जोडली, कारण ती एका कुटुंबांतूनच जात होती.

आमच्याकडे अशीं कुटुंबें नव्हतीं काय? रत्नागिरी, सातारा, पुणें व कुलाबा या जिल्ह्यांतून तर गिरणगांव वसलें. घरचा एक भाऊ शेतावर, दुसरा लालबागच्या खोलींत, ही येथील सर्वसामान्य रीत. कोयनेचें उदाहरण घ्यावें. १९५४ सालीं त्या धरणाच्या कामास आरंभ झाला आणि १९६२ पासून तेथील वीज मुंबईच्या व महाराष्ट्राच्या कारखान्यांस मिळूं लागली. जावळी-पाटणकडचीं माणसें तेव्हां मुंबईच्या गिरण्यांत, गोदींत व बाजारांत राबतच होतीं. शिवसागराच्या पाण्याखालीं वडिलांचें घर जावें, आणि त्याच पाण्याच्या विजेवर चालणाऱ्या यंत्राशीं मुलानें पाळी करावी, ही स्थिति येथें कल्पनेंतून आणावी लागत नाहीं. उठलेल्यांचे पुनर्वसनाचे अर्ज अनेक दशकें कचेऱ्यांतून फिरत राहिले. मुलाच्या पगारांतून गांवीं मनीऑर्डर जात राहिली. अशा मुलानें यंत्राकडे कोणत्या नजरेनें पाहावें? तो लुटला गेलेला कीं लाभ झालेला? या प्रश्नास घोषणेनें उत्तर देतां येत नाहीं. त्याला दीर्घ, संयमी गद्यच हवें.

या तुटलेल्या दुव्याची किंमत आज विशेष जाणवते. मुळशीच्या मावळ्यास सांगण्यांत आलें होतें कीं, तुझ्या जमिनीनें मुंबईचे उद्योग चालतील, हजारोंस काम मिळेल, देश पुढें जाईल. हें खोटें नव्हतें. अर्धशतकाहून अधिक काळ तें बव्हंशीं खरें ठरलें. पण १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतील फार मोठा भाग पुन्हां कामावर गेलाच नाहीं. १९९१ च्या विकास-नियमांनीं गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट उघडली आणि २००१ च्या दुरुस्तीनें ती प्रशस्त केली. चिमण्यांच्या जागीं मनोरे आणि बाजारमहाल उभे राहिले. तळीं मात्र जागच्या जागीं आहेत. खोपोली, भिवपुरी व भिरा येथें वीज आजहि निघते आणि मुंबईकडे येते. ती निरुपयोगी झाली असें आम्ही म्हणत नाहीं. धुरावांचून मिळणाऱ्या विजेचें मोल आज वाढलेंच आहे. परंतु ज्या कार्यासाठीं म्हणून जमीन घेतली तें कार्य नाहींसें झालें, दुसरेंच कार्य त्या जागीं आलें, आणि बुडालेल्यांच्या वंशजांस वा गिरणींतून निघालेल्यांस कोणी तें कळविण्याची तसदी घेतली नाहीं. खोऱ्याचा वारस आणि गिरणीचा वारस हे आज एकाच वंचनेचे दोन भागीदार आहेत, आणि त्यांची एकमेकांशीं ओळखहि नाहीं. ती ओळख करून देणें हें वाङ्मयाचें काम होतें.

या बाबतींत कायदा आमच्या पुढें गेला, हें सांगतांना संकोच वाटतो. १८९४ चा कायदा जमीन कोणत्या कार्यासाठीं हवी एवढेंच विचारी. त्याच्या जागीं आलेल्या २०१३ च्या कायद्यानें, जमीन घेण्यापूर्वीं तिच्या संपादनाचा माणसांच्या जीवनावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करण्याचें तत्त्व मान्य केलें. त्याची अंमलबजावणी कितपत होते हा भाग निराळा. पण जो प्रश्न कायदेमंडळास एकशें एकोणीस वर्षांनीं सुचला, तो कादंबरीकारास मुळशीच्या दुसऱ्या दिवशीं सुचावयास हवा होता.

येथवर लेखकांस बोल लाविला. वाचकवर्गहि यांतून सुटत नाहीं. गिरगांव-दादरच्या ज्या बिऱ्हाडांत मासिकें वाचलीं गेलीं, नाटकांची चर्चा झाली, मुलांचे अभ्यास झाले, तेथील दिव्यांत या तळ्यांच्या पाण्याचाहि अंश होता व आहे. मध्यमवर्ग या कथेंत तिऱ्हाईत प्रेक्षक नाहीं. तो तिसरा पक्षकार आहे, आणि त्याचा लाभ सर्वांत बिनबोभाट आहे. कामगाराविषयीं कणव आणि विस्थापिताविषयीं हळहळ त्यास जड जात नाहीं, कारण त्या दोन्ही वेळां तो स्वतः चित्राबाहेर असतो. धरणापासून दिव्यापर्यंतची सलग कथा लिहिली गेली तर तिच्या शेवटच्या प्रकरणांत त्याचेंच घर येईल. ती अजून लिहिली न जाण्याचें हेंहि एक कारण नसेल ना?

अशी कादंबरी धरणाच्या विरुद्ध असावी वा बाजूची असावी, असा आमचा हट्ट नाहीं. तिनें सर दोराबजींच्या जिद्दीस उणें लेखूं नये, सेनापति बापटांच्या त्यागास देव्हाऱ्यांत बसवूं नये, सावकारास केवळ खलपुरुष करूं नये. मोबदल्याचे रुपये पदरांत बांधून उठणारी मावळी स्त्री, पाळीवरून परतणारा तिचा पुतण्या, आणि त्या पुतण्याच्या मालकाच्या कचेरींत हिशेब लिहिणारा गिरगांवचा कारकून, या तिघांस तिनें एका छपराखालीं आणावें. साहित्य सर्व तयार आहे : भुसकुट्यांची साक्ष आहे, व्होरांचें संशोधन आहे, गिरणगांवच्या वृद्धांच्या आठवणी अद्याप सांगण्याजोग्या आहेत, आणि उन्हाळ्यांत मुळशीचें पाणी ओसरलें कीं जुन्या वास्तूंचे अवशेष पाहावयास मिळतात. नव्या लेखकांपैकीं कोणी हें काम अंगावर घेईल तर त्यानें परळहून निघावें आणि तार जेथून येते तेथपर्यंत जावें. वाट लांबची नाहीं.